सीरम लावलं की चेहऱ्याची आग होते? नाजूक त्वचेवर अ‍ॅक्टिव्ह सुरू करण्याआधीच्या तपासण्या

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात माझं मेडिकल आहे. हल्ली काउंटरवर ताप-खोकल्याच्या खालोखाल येणारी तक्रार म्हणजे, "ताई, तोंडाची नुसती आग हून रायली, काई तरी द्या." मोबाइलवर बघून सीरम मागवलेलं असतं, कुरियर गावात पोचतं आणि आठवडाभरात पोरगी माझ्यासमोर उभी असते. अशा वेळी मी शक्यतो नवं काही विकत नाही, असलेलं थांबवायला सांगते. प्रत्येकीला तेच सांगावं लागतं म्हणून एकदा क्रमाने लिहिते आहे. आधी लक्षणं, मग फुकटात होणाऱ्या तपासण्या, आणि खर्चाच्या किंवा कठीण शेवटी.

अ‍ॅक्टिव्ह म्हणजे क्रीममधला असा घटक, जो त्वचेत खरंच काही बदल घडवतो. रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, ग्लायकोलिक-सॅलिसिलिकसारखी अ‍ॅसिडं, अझेलेइक अ‍ॅसिड, नायसिनामाइड, बेन्झॉइल पेरॉक्साइड ही त्यातली नेहमीची नावं.

लक्षणं

लावल्यावर दोन मिनिटं चुणचुण झाली आणि थांबली, तर घाबरू नका. अझेलेइक आणि लॅक्टिक अ‍ॅसिडचं ते नेहमीचंच आहे. बिघाड असेल तर असं दिसतं:

- दहा-पंधरा मिनिटं झाली तरी आग थांबत नाही. पुढे पुढे साधं पाणी, साधं मॉइश्चरायझर, स्वतःचा घामसुद्धा झोंबतो.
- नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, हनुवटी इथली साल निघते.
- तोंड धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटते आणि उजेडात चकचकीत दिसते. बऱ्याच जणी यालाच 'ग्लो' समजतात.
- एरवी जिथे मुरूम येत नाहीत, तिथे बारीक खरबरीत पुरळ येते.
- पापण्या खाजतात.

इंटरनेटवर सगळीकडे 'लालसर होणे' असं लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही. त्या जागी तांबूस किंवा तपकिरी झाक येते, हात लावला तर गरम लागतं. ही आग अंगावर काढली, तर शमल्यावर काळे डाग राहतात आणि ते जायला महिनोन्‌महिने लागतात. डाग घालवायला सीरम आणलं आणि सीरमनेच डाग दिले, असं होतं ते याच कारणाने. आपल्यासाठी हळू जाणं म्हणूनच जास्त महत्त्वाचं.

ओठ किंवा डोळे सुजले, अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, श्वास जड झाला, तर पुढचं वाचत बसू नका. चेहरा भरपूर पाण्याने धुवा आणि सरळ दवाखाना गाठा.

पहिली तपासणी: सगळं बंद करा

हिला पैसा लागत नाही, आणि हीच कोणी करत नाही. दोन ते चार आठवडे सीरम, टोनर, स्क्रब, पॅक, ब्लीच, सगळं बंद. रात्री सौम्य फेसवॉश, त्यावर बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. सकाळी नुसतं पाणी पुरतं.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे सारवलेल्या भिंतीसारखा आहे. पेशी एकावर एक रचलेल्या आणि मधे सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी अ‍ॅसिड यांचा लेप. लेप निघाला की आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं जे लावाल ते खोल झोंबतं. खालून नव्या पेशी वर येऊन हा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. "दोन दिवस बंद केलं होतं, काईच फरक नाई" असं कोणी म्हटलं की मी तिला कॅलेंडर दाखवते.

बंद करणं हा उपचार आहे आणि चाचणीही. बंद केल्यावर शांत झालं, तर दोष लावण्याच्या पद्धतीत किंवा मालात होता. चार आठवड्यांनीही आग तशीच राहिली, तर कारण वेगळं आहे. मग खालच्या शेवटच्या दोन तपासण्या नीट वाचा.

माझ्या अनुभवात 'माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींची स्किन मुळात ठीक असते. तिच्यावर एका वेळी फार गोष्टी लादल्या गेलेल्या असतात.

दुसरी: सगळ्या बाटल्या एका ओळीत मांडा

मी काउंटरवर पर्स रिकामी करायला लावते. परवा एकीने फेसवॉश, टोनर, सीरम, नाइट क्रीम असं सगळं काढून ठेवलं. "थे त सगळं येकाच कंपनीचं हाय, ताई." मागची बारीक अक्षरं दोघींनी मिळून वाचली. फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक, टोनरमध्ये ग्लायकोलिक, सीरममध्ये लॅक्टिक आणि नाइट क्रीममध्ये रेटिनॉल. कंपनी एक असो की चार, चेहऱ्यावर रोज चार थर चढत होते. टोनरचं बूच उघडल्यावर काठावर पांढरा थर वाळलेला दिसला, आणि त्याच टोनरचा कापूस ती डोळ्यांखालीही फिरवत होती.

म्हणून पुढचं आणि मागचं, दोन्ही लेबलं वाचा. टक्केवारी बघा. ग्लायकोलिक अ‍ॅसिड घरच्या वापरासाठी १० टक्क्यांपर्यंतच धरलं जातं, त्यावरचं 'पील' म्हणून मिळतं ते डॉक्टरांच्या हातातच शोभतं. सॅलिसिलिक २ टक्के पुष्कळ झालं. बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के पुरतं, जास्त घेतलं तर फायदा तेवढाच आणि साल जास्त. शिवाय त्याने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, ते वेगळंच.

स्वयंपाकघरातलंही याच ओळीत मांडायचं. लिंबाच्या रसाचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं अ‍ॅसिड जास्त) २ च्या आसपास असतो, म्हणजे तेही अ‍ॅसिडच, फक्त टक्केवारी न लिहिलेलं. लिंबू लावून उन्हात गेलं की काळे चट्टे किंवा फोडसुद्धा येऊ शकतात. खाण्याचा सोडा उलट दिशेने लेप काढतो. टूथपेस्टने मुरूम वाळत नाही, भाजतो. आणि आपल्याकडे संत्री घरची, तेव्हा सालीची पावडर तर हक्काची. पण मिक्सरमधून काढलेली ती भुकटी कितीही चाळली तरी खरबरीतच राहते. आधीच सोललेल्या गालावर तिने घासणं म्हणजे जखमेवर मीठच. हळद-बेसनाला माझी हरकत नाही, पण बंदच्या काळात तेही नको.

तिसरी: साबण आणि पाणी

दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतल्या किती गावांचं पाणी खारं आहे, ते इथल्या माणसाला सांगायला नको. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याचा चिकट साका होतो आणि तो चेहऱ्यावर चिकटून राहतो. त्यात अंगाच्या साबणाचा पीएच ९-१० आणि चेहऱ्याचा ५ च्या जवळपास. अशा चेहऱ्यावर रात्री अ‍ॅसिड लावलं, तर झोंबेल नाही तर काय?

उपाय स्वस्त आहे. चेहऱ्याला अंगाचा साबण बंद, कपड्याच्या साबणाचं तर नावच नको. 'सोप-फ्री' किंवा 'सिंडेट' (म्हणजे साबण नसलेली) असं लिहिलेली वडी किंवा द्रव घ्या. बोअरच्या पाण्याने धुवायचं तर धुवा, पण शेवटचा हात आरओच्या जारमधल्या ग्लासभर पाण्याने फिरवा. कढत पाणी नको. टॉवेलने रगडू नका, टिपून घ्या. एवढ्यानेच कित्येकींची तक्रार संपते, आणि मग त्या मला म्हणतात की तुमचं क्रीम चांगलं होतं.

चौथी: किती, कधी आणि कशावर लावता

अख्ख्या चेहऱ्याला रेटिनॉल तुरीच्या दाण्याएवढं. ड्रॉपर भरून लावल्याने काम लवकर होत नाही, फक्त बाटली लवकर संपते.

ओल्या चेहऱ्यात घटक जास्त शिरतो, म्हणून धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे, डोळ्यांभोवती आधी पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. नाजूक त्वचा असेल तर मॉइश्चरायझर, त्यावर रेटिनॉल, पुन्हा मॉइश्चरायझर. असर थोडा कमी होईल, पण टिकून राहाल. त्यानेही झोंबलं तर अर्धा तास ठेवून धुऊन टाका आणि हळूहळू वेळ वाढवा.

आठवड्यातून दोनच रात्री. एक गावच्या बाजाराची रात्र आणि दुसरी त्यानंतर तीन-चार दिवसांनी, असं ठरवलं की विसर पडत नाही. पहिला महिना यापेक्षा जास्त नाही. चार-सहा आठवड्यांत त्वचा सरावते, मग एक रात्र वाढवा.

वॅक्सिंग किंवा थ्रेडिंग करायचं असेल, तर रेटिनॉल आणि अ‍ॅसिड आठवडाभर आधी थांबवा. नाहीतर वॅक्सच्या पट्टीबरोबर वरची सालही निघते. हे पार्लरवालीला आधी सांगायचं. ती विचारेलच असं नाही.

पाचवी: ऊन, दुपट्टा आणि टिनाचं छत

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कोणतंही नवं अ‍ॅक्टिव्ह सुरू करू नका. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर, घाम धारांनी, त्यात स्कूटीवर तोंडाला घट्ट बांधलेला दुपट्टा. ग्लायकोलिकसारख्या अ‍ॅसिडांनी त्वचा उन्हाला हळवी होते आणि बंद केल्यावरही आठवडाभर तो हळवेपणा टिकतो. माझ्या मते आपल्याकडे सुरुवात करायला दिवाळीनंतरचे दोन-तीन आठवडे बरे. ऊन उतरलेलं असतं आणि थंडीने साल निघायला अजून लागलेली नसते. लग्नसराई डोक्यावर आल्यावर घाई करणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर ओढलेल्या दोन रेघांएवढं. नेहमीच्या सनस्क्रीनने डोळे चुरचुरत असतील, तर झिंक ऑक्साइडवालं घ्या. पांढरट दिसतं खरं, पण झोंबत नाही. रेटिनॉल फक्त रात्री. कपाशी वेचायला, निंदणाला दिवसभर वावरात असणाऱ्यांना सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा म्हणणं सोपं आहे, जमत कोणाला नाही. त्यांनी ग्लायकोलिक आणि रेटिनॉलच्या नादी न लागता अझेलेइकवर भागवावं.

दुपट्टा ऊन अडवतो, म्हणून तो हवाच. पण तो रोज धुवा, नीट खंगाळा आणि मऊ सुती घ्या. फक्त गालफडं आणि नाकाचा शेंडा इथेच आग असेल, तर दुपट्ट्याची घासण हे कारण असू शकतं.

आता व्हिटॅमिन सी. एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड उष्णतेत आणि उजेडात टिकत नाही. टिनाच्या छताखाली फडताळात ठेवलेली बाटली मे महिन्यात किती दिवस धरणार? रंग पाण्यासारखा किंवा फिका पिवळा असेल तर ठीक. चहासारखा तपकिरी झाला की फेकून द्या, कितीही महाग असली तरी. घरी फ्रिज असेल तर त्यात ठेवा. नसेल तर उन्हाळ्यात हे घेऊच नका.

सहावी: कारण वावरातून तर येत नाही ना?

सगळं बंद करूनही पापण्या, मान, कानामागचा भाग, कोपराची घडी खाजत असेल, तर गाजर गवताकडे बघा. बांधावर, रस्त्याच्या कडेला पावसाळ्यात ते माजतं आणि वाळलं की त्याचे कण हवेत उडतात. काहींना त्याची जबर अ‍ॅलर्जी असते.

ओळखायची एक खूण आहे. आरसा घ्या आणि मान वर करा. उन्हाने झालेला त्रास हनुवटीखाली, कानामागे, वरच्या पापणीवर सहसा नसतो, कारण तिथे सावली असते. हवेतून येणारी अ‍ॅलर्जी नेमकी अशाच आडोशाच्या जागांवर बसते. ही खूण दिसली, तर सीरम निर्दोष आहे आणि डॉक्टर गाठायचा आहे.

फवारणीच्या दिवसांत औषधाचा हात चेहऱ्याला लागणं, फवारणीच्या कपड्यांबरोबर दुपट्टा धुणं, बिब्बा फोडताना तेल उडणं, हेही विचारून घ्या. घरात बिब्बे फोडले जातात आणि आग होते पोरीच्या गालाला, तेव्हा दोन्हीचा संबंध चटकन कोणी लावत नाही.

सातवी: आधी कोणतं 'गोरं करणारं' क्रीम लावत होता?

ही शेवटी ठेवली, कारण उत्तर खरं मिळत नाही. "काईच नाई लावलं" असं पहिलं उत्तर येतं. आई बाजूला झाली की मग पिशवीतून ट्यूब निघते.

बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनबरोबर तिहेरी मिश्रण म्हणूनही येतं. लावल्यावर आठवड्यात रंग उजळतो, आणि थांबवलं की भडका उडतो. मग पुन्हा तेच लावायचं. महिन्यांनी त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, बारीक लव वाढते, पुटकुळ्या येतात. अशा चेहऱ्याला साधं मॉइश्चरायझरही झोंबतं, अ‍ॅक्टिव्हचं तर नावच सोडा. लावायची ही स्टेरॉइड औषधं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी मिळतात, हे मला दुकानदार म्हणून माहीत आहे.

स्टेरॉइड महिनोन्‌महिने लावलं असेल, तर घरच्या घरी काही करू नका. एकदम तोडायचं की हळूहळू कमी करायचं, हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवतील.

कंपनीचं नाव, बॅच नंबर, लायसन नंबर नसलेल्या डबीतलं क्रीम तर हातही लावायचं नाही. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना अशा क्रीमने किडनीचा आजार झाला आणि क्रीममध्ये पारा निघाला, ही बातमी २०२३ मध्ये येऊन गेली. अकोला म्हणजे आपल्या शेजारचंच.

शांत झाल्यावर पुन्हा सुरुवात

साधं पाणी आणि मॉइश्चरायझर सलग दोन आठवडे झोंबलं नाही, की एकच वस्तू निवडा. आधी कोपराच्या घडीत आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर रोज दोनदा लावा, सात दिवस. एका दिवसाची चाचणी पुरत नाही, कारण अ‍ॅलर्जी बऱ्याचदा उशिरा उमटते. तिथे काही झालं नाही, तर जबड्याच्या कडेला लावून बघा, मग चेहऱ्याला.

नाजूक त्वचेला मी सुरुवात नायसिनामाइड ५ टक्के किंवा त्याहून कमीने करायला सांगते. १० टक्के सगळीकडे विकतात, पण काहींना तेच झोंबतं. डाग आणि मुरूम दोन्ही असतील तर अझेलेइक १० टक्के. अ‍ॅसिड हवंच असेल तर मँडेलिक किंवा लॅक्टिक ५ टक्के. मँडेलिकचा रेणू मोठा, तो सावकाश शिरतो. रेटिनॉल सगळ्यात शेवटी, ०.२-०.३ टक्क्यांपासून. दोन नव्या वस्तूंमध्ये किमान एक महिना जाऊ द्या, नाहीतर बिघडलं तर कोणामुळे ते कळणार नाही.

रेटिनॉलने किंवा अ‍ॅसिडने सुरुवातीला मुरूम वाढू शकतात. नेहमीच्याच जागी आले आणि सहा आठवड्यांच्या आत ओसरले, तर ते आतलं बाहेर येतंय असं समजा. नव्या जागी आले, खाज-आग सोबत असेल, तर थांबवा.

इथे थांबा आणि डॉक्टरकडे जा

- गरोदर असाल किंवा राहण्याचा विचार असेल, तर रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापालिन यांना हात लावू नका. अंगावर पाजत असाल तरी विचारून मगच.
- पाणी सुटतंय, पिवळी खपली धरते आहे, ताप आहे.
- गोल चट्टा, कडेला उठावदार, मधे साफ, खूप खाज. हे गजकर्ण असू शकतं. त्यावर स्टेरॉइड लावलं तर ते पसरतं.
- दोन्ही गाल आणि नाकावर चट्टा, उन्हात वाढतो, सोबत सांधे दुखतात, थकवा येतो.
- फिकट किंवा तांबूस चट्टा, ज्यावर स्पर्श कळत नाही. कापूस फिरवून बघा. बधिर वाटलं तर लाज न बाळगता प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाचा उपचार सरकारी दवाखान्यात फुकट आहे आणि वेळेत घेतला तर पूर्ण बरा होतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांनी तर हे नक्की तपासावं.
- चार आठवडे सगळं बंद करूनही फरक नाही.

त्वचारोग विभागाची ओपीडी अकोला, यवतमाळ इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत, सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आहे. जाणं जमतच नसेल, तर ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून आधी फोनवर डॉक्टरांशी बोलता येतं.

जाताना त्या सकाळी चेहऱ्याला काही लावू नका, पावडरसुद्धा नाही. सगळ्या बाटल्या आणि ट्यूबा पिशवीत घालून न्या, रिकाम्या झालेल्याही. आग सगळ्यात जास्त होती त्या दिवशी दाराच्या उजेडात काढलेला फोटो मोबाइलमध्ये असू द्या, कारण ओपीडीत नंबर लागेपर्यंत चेहरा हमखास शांत झालेला असतो.